जन्मस्थानाचा रकाना

नोएडाच्या सेक्टर ३८ मधील गोल्फच्या मैदानात एक स्मारकस्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या ह्याच पूर्वतीरावर जनरल लेकच्या फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कंपूचा मोड केला आणि दिल्लीच्या बादशहाचे पालकत्व मराठ्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले, त्या पटपडगंजच्या लढाईची ती खूण होय. मराठी वाचकाला तेथे पराभवाचे शल्य बोचणे स्वाभाविक असले, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या रणांगणातील एक निराळीच गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या दिवशी शिंद्यांच्या बाजूचा सेनानायक लुई बुर्कँ हा फ्रेंच होता. त्याचा वरिष्ठ पेराँ हाही फ्रेंच असून लढाईच्या आधीच तो चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला होता. आणि ज्याने १७८४ पासून महादजींच्या पदरी राहून ही कवायती पलटणे मुळात उभारली, तो सॅव्हॉय प्रांतातील डी बॉयन तर १७९५ सालीच राजीनामा देऊन, कमावलेल्या दौलतीसह युरोपास परतला आणि शांबेरी ह्या आपल्या जन्मगावी १८३० पर्यंत जगला. परमुलखातील कसबी माणसाला भरघोस वेतन देऊन पदरी ठेवावे, त्याचे कसब उपयोगी पडेतो त्याला मानाने वागवावे, पण त्याला आपल्या रयतेत कायमचे सामील करून घ्यावे की नाही ह्याचा निर्णय मात्र शक्य तितका लांबणीवर टाकावा, हा राज्यकर्त्यांचा जुना रिवाज आहे. आणि ज्या भूमीवर एके काळी युरोपातले कसबी लोक मराठ्यांच्या चाकरीस येत, त्याच भूमीवरून आज अमेरिकेच्या चाकरीची उमेद धरून निघणाऱ्या तरुणांची गाठ ह्याच रिवाजाशी पडते.

नोएडाची स्थापनाच मुळी एका सरकारी हुकुमाने झाली. १७ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीच्या दिवसांत, उत्तर प्रदेश सरकारने यमुना आणि हिंडन ह्या दोन नद्यांमधल्या खेड्यांच्या जमिनी संपादन करण्यासाठी एक औद्योगिक विकास प्राधिकरण नेमले, आणि त्या प्राधिकरणाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून जो शब्द झाला, तेच वसाहतीचे नाव पडले. तेथे महानगरपालिका नाही, निवडून दिलेला महापौर नाही. जमीन प्राधिकरणाच्या मालकीची आणि रहिवाशाला मिळतो तो नव्वद वर्षांचा पट्टा. म्हणजे जन्मभर हप्ते फेडून सेक्टर ५० मध्ये घर केलेला गृहस्थही कायद्याच्या काटेकोर दृष्टीने मुदतीचाच रहिवासी ठरतो. केवळ त्याची मुदत त्याच्या आयुष्याहून मोठी असल्यामुळे ती त्याला कधी जाणवत नाही. ज्यांची आधीची पिढी करोलबागेत वा पहाडगंजात राहिली, पहाडगंजाच्या नूतन मराठी विद्यालयात शिकली आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून निवृत्त झाली, अशी काही मराठी कुटुंबेही नदी ओलांडून ह्या सेक्टरांत आली, आणि त्यांची नातवंडे आता संगणकशास्त्राची पदवी हाती पडताच अमेरिकेतील एम.एस.च्या प्रवेशपत्राची वाट पाहतात. सरकारी बँकांच्या सर्वसाधारण योजनेत शिक्षणकर्ज साडेसात लाखांवर गेले की तारण द्यावे लागते. तारण म्हणजे बहुधा हेच घर. आणि पट्ट्यावरचे घर गहाण ठेवावयाचे तर प्राधिकरणाची लेखी परवानगी आणावी लागते. मुलाच्या अमेरिकेतील वास्तव्याचा पहिला दस्तऐवज अशा रीतीने नोएडातच तयार होतो.

दुसरा तयार होतो तो चाणक्यपुरीत, शांतिपथावरील अमेरिकेच्या वकिलातीत. १९५२ च्या अमेरिकन कायद्याच्या २१४(ब) ह्या कलमान्वये प्रत्येक अर्जदार कायम राहण्याच्याच हेतूने निघाला आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्या बावीस वर्षांच्या मुलावर पडतो. म्हणून घरातील मंडळी कागद गोळा करतात : सनदी लेखापालाचा संपत्तीचा दाखला, पट्ट्याची प्रत, वडिलांचे आयकराचे कागद; आणि खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला मिनिटा-दोन मिनिटांत हे पटवावे लागते की शिक्षण संपताच चिरंजीव परत येतील. ह्यात असत्य किती आणि अज्ञान किती हे सांगणे कठीण आहे. त्या वयात पुढील दहा वर्षांचा संकल्प कोणाचाच पक्का नसतो, आणि नंतर मन बदलले तर तो अपराध होत नाही, हेही कायद्याला मान्य आहे. परंतु ज्या देशाच्या विद्यापीठांच्या तिजोऱ्या ह्या मुलांच्या शुल्कावर भरतात, त्यानेच त्यांच्याकडून राहावयाचे नसल्याचा कबुलीजबाब प्रथम घ्यावा, हा प्रकार मला तरी थोडा विनोदी वाटतो. २०२३-२४ ह्या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिले स्थान घेतले. इतक्या जणांनी ती खिडकी पार केली होती.

पूर्वी परतावे की राहावे हा प्रश्नच नव्हता. १८८३ मध्ये गेलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आले आणि ज्ञानकोशाच्या प्रचंड उद्योगास लागले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती ती मुळी बडोदे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. आणि करार पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्यास गेले तेव्हा त्या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला त्या शहरात राहावयास साधी खोली कोणी दिली नाही. 'शिकून मायदेशी परतावे' हा उपदेश करताना मायदेशाच्या अंगचा हा दोषही ज्याने त्याने आठवावा. तिकडे राहू म्हणणाऱ्यांची गत त्याहून बरी नव्हती. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना अमेरिकेची दारे बंद केली. विद्यार्थ्यांना तेवढी सवलत होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेल्या भगतसिंग थिंद ह्यांना १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारतीय मनुष्य सर्वसामान्य समजुतीप्रमाणे 'गोरा' ठरत नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. आणि त्या निकालाच्या आधारे, आधीच नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने हा दंडक उठला खरा, पण अख्ख्या हिंदुस्थानाला वर्षाकाठी जागा मिळाल्या शंभर.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून नव्या कायद्यावर सही केली, तेथून खरा पालट झाला. वंश आणि राष्ट्र पाहून जागा वाटण्याची जुनी पद्धत रद्द झाली आणि डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ अशा व्यावसायिकांसाठी 'तिसरे प्राधान्य' म्हणून एक वर्ग निघाला. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे खिशात आठ डॉलर घेऊन गेल्याचे जी पिढी आजही सांगते, ती हीच. तिच्यापैकी अनेकांना कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, भारतातूनच मिळाला, इतरांना तेथे शिक्षण आटोपल्यावर थोडक्या काळात मिळाला. शिकागो, न्यूयॉर्क, न्यू जर्सी येथे त्यांनी घरे केली, महाराष्ट्र मंडळे काढली आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना केली. ह्या पिढीचा अनुभव खरा असला तरी तिचा सल्ला आज धोक्याचा आहे. "एकदा डिग्री घे, मग ग्रीन कार्ड काय, होऊनच जातं," असे न्यू जर्सीचे आजोबा दूरध्वनीवर सांगतात ते प्रेमानेच सांगतात. पण ज्या नदीतून ते पोहून गेले तिचे पात्र त्यांच्यानंतर बदलले आहे.

ते कसे बदलले हे नीट समजण्यास पदवीदानानंतरच्या पहिल्या दिवसापासून आरंभ करावा लागतो. एफ-१ ह्या विद्यार्थी-परवान्यावर आलेल्याला पदवीनंतर आपल्या विषयाशी संबंधित कामाचा बारा महिन्यांचा अनुभव घेता येतो. त्यास ओपीटी म्हणतात. काम मिळो वा न मिळो, घड्याळ चालू असते, आणि ह्या बारा महिन्यांत बेकारीचे एकंदर नव्वद दिवस भरले की मुक्काम हलवावा लागतो. ज्यांचा विषय विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी वा गणित ह्यांच्या सरकारी यादीत बसतो त्यांना पुढे चोवीस महिने वाढवून मिळतात. ही वाढ २००८ साली सतरा महिन्यांची होती, २०१६ मध्ये ती चोवीस झाली. मात्र मालक सरकारच्या ई-व्हेरिफाय ह्या पडताळणी-योजनेत नोंदलेला असावा लागतो आणि प्रशिक्षणाचा आराखडा लिहून द्यावा लागतो. इतिहासाच्या वा साहित्याच्या पदवीधराला एक वर्ष आणि संगणकाच्या पदवीधराला तीन, असा हा भेद आहे. आणि नोएडातील मुलांचा ओढा एकाच विद्याशाखेकडे का, ह्याचे एक उत्तर कायद्याच्या ह्या यादीत सापडते.

ह्या तीन वर्षांचे मोल निराळ्याच कारणाने आहे. पुढच्या पायरीस, म्हणजे एच-१बी ह्या नोकरीच्या परवान्यास, सोडत लागते, आणि तीन वर्षांत ती बहुधा तीनदा वाट्यास येते. १९९० च्या कायद्याने ह्या परवान्याची वार्षिक संख्या ६५ हजार ठरवली. २००४ च्या कायद्याने अमेरिकन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २० हजार जोडली. पहिल्या आकड्यातूनही ६,८०० जागा व्यापारी करारान्वये चिली आणि सिंगापूर ह्यांच्यासाठी राखीव असतात. २०२३ च्या वसंतात ह्या जागांसाठी सुमारे ७ लाख ८० हजार नोंदी झाल्या. एकाच उमेदवाराच्या नावाने अनेक कंपन्यांनी चिठ्ठ्या टाकण्याचा प्रकार त्यात फार होता; पुढल्या वर्षी चिठ्ठी माणसागणिक एकच धरण्याचा नियम झाला तेव्हा आकडा ४ लाख ८० हजारांवर उतरला. गुणवत्तेचे इतके गोडवे गाणाऱ्या देशाने आपल्या विद्यापीठांतून निवडून काढलेल्या पदवीधरांना पुन्हा चिठ्ठ्या टाकून निवडावे, ह्याचे समर्थन मला कधी सापडलेले नाही. विद्यापीठे आणि ना-नफा संशोधनसंस्था ह्या मर्यादेबाहेर असल्याने तेथे काम करणारा संशोधक तेवढा ह्या जुगारातून सुटतो. त्यातच डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमाने वेतनाची श्रेणी जितकी वरची तितक्या अधिक चिठ्ठ्या अशी पद्धत आणली. नवा पदवीधर स्वभावतःच खालच्या श्रेणीत असतो, हे वेगळे सांगावयास नको. त्याआधी १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय फर्मानाने नव्या अर्जामागे एक लाख डॉलरांचा आकार बसवला, तेव्हा नोएडातल्या कित्येक घरांत त्या रात्री कोणाला झोप लागली नसेल. महिन्याभरात खुलासा आला की देशातच राहून विद्यार्थी-परवान्यावरून नोकरीच्या परवान्यावर जाणाऱ्यांस तो लागू नाही. ह्या व्यवहारात नियमांइतकेच खुलाशांवर लक्ष ठेवावे लागते.

चिठ्ठी निघाली तर १ ऑक्टोबरपासून नोकरी सुरू. परवाना तीन वर्षांचा, आणखी तीन वर्षे वाढणारा, एकूण सहा. तो मालकाने मागितलेला असतो आणि त्या मालकाशी बांधलेला असतो. दुसरा मालक अर्ज करील तर तिकडे जाता येते, परंतु नोकरी सुटली आणि साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडावा लागतो, आणि २०२२-२३ मध्ये तंत्रज्ञान-कंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली तेव्हा ह्या साठ दिवसांचा अर्थ अनेक कुटुंबांना प्रथमच कळला. येथे आणखी एक भेद पालकांनी समजून घ्यावा. पासपोर्टावर चिकटवलेला व्हिसा ही केवळ सरहद्दीवर येऊन प्रवेश मागण्याची परवानगी असते. देशात राहण्याचा हक्क निराळ्या नोंदीने मिळतो आणि तिची मुदत निराळी असते. म्हणून व्हिसा संपलेला मनुष्य अमेरिकेत कायदेशीरपणे वर्षानुवर्षे राहू शकतो, मात्र बहिणीच्या लग्नासाठी एकदा नोएडास आला की नवा शिक्का घेतल्यावाचून त्याला परत जाता येत नाही. 'ह्या वर्षी येत नाही, पुढच्या वर्षी पाहू,' हे मुलाचे उत्तर आईला कोरडेपणाचे वाटते. त्याच्या मुळाशी बऱ्याचदा वकिलातीतल्या तारखांचा हिशेब असतो.

परवान्यांच्या ह्या श्रेणीव्यवस्थेतील एक विलक्षण प्रसंग त्याच दिल्लीच्या वकिलातीत घडला आहे. मायक्रोसॉफ्टचे आजचे प्रमुख सत्या नाडेला हे विद्यार्थी म्हणून अमेरिकेत गेले, पुढे त्यांना ग्रीन कार्ड मिळाले आणि मग भारतात विवाह झाला. कायम रहिवाशाच्या पत्नीला प्रवेशासाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागे, आणि तात्पुरत्या एच-१ परवान्यावरच्या माणसाच्या पत्नीला मात्र त्याच्यासोबत लगेच जाता येई. नाडेला १९९४ च्या जूनमध्ये दिल्लीच्या वकिलातीत गेले आणि बाहेरची परवान्याच्या आशेने उभी असलेली लांब रांग ओलांडून त्यांनी आपले ग्रीन कार्ड परत केले, ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात लिहिली आहे. ज्याच्यासाठी लोक आयुष्य पणास लावतात ते संसारासाठी परत करावे लागले, ह्यावरून कायदा रचणाऱ्यांनी कामगाराचा विचार केला तितका त्याच्या घराचा केला नव्हता असेच दिसते.

आता खरा दरवाजा. ग्रीन कार्डासाठी मालकाने आधी कामगार-खात्याकडून दाखला मिळवावयाचा, म्हणजे जाहिराती देऊन सिद्ध करावयाचे की ह्या जागेसाठी योग्य असा अमेरिकन मनुष्य मिळाला नाही. मग आय-१४० हा अर्ज. आणि कामगार-खात्याकडे ज्या दिवशी कागद दाखल झाला ती तारीख म्हणजे उमेदवाराची रांगेतील जागा. मालक बदलला तरी, अर्ज एकदा मंजूर झालेला असल्यास, ही तारीख सामान्यतः त्याच्याजवळ राहते, आणि मग ती वाढदिवसासारखी तोंडपाठ होते. नोकरीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या १९९० पासून साऱ्या जगासाठी वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार इतकीच आहे, आणि तीत बायकामुलेही मोजली जातात. त्यांपैकी पदव्युत्तर पदवीधरांच्या दुसऱ्या वर्गास सुमारे ४० हजार येतात. त्यात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक द्यावयाचे नाहीत असा दंडक असल्यामुळे भारताच्या हक्काच्या जागा होतात सुमारे २,८००. इतर देशांकडून उरलेल्या जागा कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. आइसलंडची मर्यादाही हीच आहे, आणि आइसलंडची लोकसंख्या नोएडाहून कमी आहे. अमेरिकेचे परराष्ट्र-खाते दरमहा एक पत्रक काढते आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली हे त्यात छापलेले असते. जुलै २०२५ च्या पत्रकात ह्या वर्गातील भारतीयांची तारीख १ जानेवारी २०१३ होती. ह्यावरून 'बारा वर्षे लागतात' असा निष्कर्ष काढणारे फसतात. ती बारा वर्षे २०१३ सालच्या उमेदवाराची. त्याच्यामागे दरसाल जितके लोक रांगेत येऊन उभे राहिले, ते दरसाल बाहेर पडणाऱ्यांच्या कितीतरी पट होते, आणि म्हणून आजच्या पदवीधराची पाळी त्याच्या सेवानिवृत्तीपूर्वी येईल असे छातीठोकपणे कोणालाच सांगता येणार नाही. सहा वर्षांची मर्यादा उलटल्यावर काय, असे कोणी विचारील. तर २००० सालच्या कायद्याने अशा रांगेतल्यांना परवाना पुन्हापुन्हा वाढवून घेण्याची मुभा दिली आहे. तात्पुरत्याची मुदत अमर्याद वाढवून कायमपणाचा प्रश्न टाळण्याची ही युक्ती महादजींच्या दफ्तरदारालाही सुचली नसती.

हा सात टक्क्यांचा दंडक दुष्टाव्याने केलेला नाही, हे मात्र प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. जुन्या कायद्यात इंग्लंड-जर्मनीस हजारो जागा आणि हिंदुस्थानास शंभर, असा पक्षपात होता. १९६५ च्या सुधारकांनी तो मोडून काढण्यासाठी कोणत्याच राष्ट्राला दुसऱ्याहून अधिक द्यावयाचे नाही, असे तत्त्व घातले. राष्ट्राराष्ट्रांत समता झाली. परंतु रांगेत राष्ट्रे उभी राहत नाहीत, माणसे उभी राहतात, आणि दीडशे कोटींच्या देशात जन्मलेल्या माणसाला ह्या समतेने सर्वांत मागे लोटले. तो दंडक काढावा म्हणून मांडलेले विधेयक २०१९ च्या जुलैत प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले, २०२० च्या डिसेंबरात सेनेटनेही त्याचे एक निराळे रूप संमत केले, आणि दोहोंचा मेळ न बसल्याने कायदा झाला नाही. विरोधकांचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते : संख्या न वाढवता दंडक तेवढा काढला, तर कित्येक वर्षे जवळजवळ साऱ्या जागा भारतीयांना जातील आणि बाकीचे जग खोळंबेल.

ह्या हिशेबात नागरिकत्व विचारले जात नाही, जन्मस्थान विचारले जाते. मराठी आईबापांच्या पोटी शारजात जन्मलेली आणि नोएडात वाढलेली मुलगी भारताचा पासपोर्ट बाळगूनही संयुक्त अरब अमिरातीच्या रांगेत उभी राहते आणि एक-दोन वर्षांत मोकळी होऊ शकते. सेक्टर २७ मधल्या इस्पितळात जन्मलेला तिचा धाकटा भाऊ, तेच शिक्षण, तेच वेतन असूनही, भारताच्या रांगेत राहतो. फाळणीत लाहोराहून आलेल्या एखाद्या नोएडाकर आजोबांनी आज अर्ज केला तर, ते जन्मले तेव्हा पाकिस्तान अस्तित्वात नसूनही, त्यांची गणना पाकिस्तानात होईल. पतीला पत्नीच्या वा पत्नीला पतीच्या जन्मदेशाच्या रांगेचा लाभ घेता येतो, त्यामुळे काठमांडूत वा मस्कतमध्ये जन्मलेल्या स्थळाला आलेले महत्त्व काही विवाहमंडळांच्या चालकांना पत्रिकेतील ग्रहांइतके परिचयाचे झाले असल्यास नवल नाही. मुलांचा लाभ मात्र आईबापांना होत नाही. अमेरिकेत जन्मलेले मूल जन्मतःच तेथील नागरिक असते. नोएडाहून काखेत नेलेले त्याचे थोरले भावंड आईबापांच्या परवान्याच्या आधारे राहते, आणि ते एकवीस वर्षांचे होईतो रांग सरकली नाही तर त्याला त्या कुटुंबाचा भाग म्हणून राहता येत नाही, त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. २००२ च्या एका कायद्याने वयाच्या हिशेबात थोडी सूट दिली आहे, पण ती सर्वांस पुरत नाही.

जन्मस्थानाला एवढे महत्त्व, म्हणजे जन्माच्या दाखल्यालाही ते आलेच. पंधरा वर्षे रांगेत काढलेल्या माणसाची तारीख एके दिवशी अचानक जवळ येते आणि नोएडात दूरध्वनी खणखणतो, की दाखला शोधा. तो सापडतो तेव्हा त्यावर कित्येकदा मुलाचे नावच नसते, केवळ 'पुत्र' असे लिहिलेले असते. किंवा आईचे माहेरचे नाव असते. किंवा नोंदच फार उशिरा झालेली असते. मग ज्या गावी बाळंतपण झाले तेथील नगरपालिकेकडे, वर्धा, मिरज वा इंदूर जेथे असेल तेथे, वडिलांनी जावयाचे, अनुपलब्धतेचा दाखला काढावयाचा, जन्माच्या वेळी जाणते असलेल्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे करून घ्यावयाची. मुलगा अमेरिकेस निघतानाच हा एक कागद शुद्ध करून ठेवावा, असे मी ओळखीच्या प्रत्येक पालकास सांगत असतो, आणि बहुतेक जण सूटकेसच्या वजनाची चौकशी करण्यात गर्क असतात.

गंमत अशी की जो कधी अमेरिकेत शिकलाच नाही तो काही वेळा ह्या पदवीधराच्या पुढे निघून जातो. नोएडातल्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या कचेरीत किमान एक वर्ष काम केलेल्या व्यवस्थापकाला तीच कंपनी एल-१ परवान्यावर सोडतीवाचून अमेरिकेस बदलून नेऊ शकते, आणि तिकडेही तो व्यवस्थापकच राहिला तर त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज पहिल्या वर्गात जाऊ शकतो. त्या वर्गातही भारतीयांना आता थांबावे लागते, पण २०२५ मध्ये ते थांबणे दशकांचे नसून काही वर्षांचे होते. म्हणून सोडतीत तीनदा अपयश आलेले काही तरुण आपल्याच कंपनीच्या नोएडा वा बंगळूर येथील कचेरीत परततात, ते हरून परतले असे शेजारी समजतात, आणि चार वर्षांनी एल-१ घेऊन पुन्हा जातात.

ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येते. भारताचा १९५५ चा नागरिकत्व-कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे अमेरिकेची शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट वकिलातीस परत करावा लागतो आणि त्याऐवजी ओसीआय हे कार्ड घेता येते. ही योजना २००५ साली निघाली. तिने येणेजाणे आणि राहणे मोकळे होते, मतदानाचा हक्क राहत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. राहते घर मात्र घेता येते आणि वारशानेही येते. नोएडातील आईवडिलांच्या पश्चात त्या घराचे नामांतर प्राधिकरणाच्या दफ्तरात करून घ्यावे लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रे, आणि मुलाला रजा मिळण्याजोगी नसल्यास न्यूयॉर्क वा सॅन फ्रान्सिस्को येथील भारतीय वाणिज्य-दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र लागते. ते पोचले, कागदपत्रांची रुजुवात झाली आणि आकार भरला, की नव्वदांपैकी पट्ट्याची जितकी वर्षे शिल्लक असतील तितकी त्याच्या नावे चढतात.